बंगल्यावरून आणलेलं ग्राफिक्स कार्ड

प्रिय दादा,

कॉम्प्युटर जोडून झाला. पहिल्याच वेळेला चालू झाला, एकही वायर चुकली नव्हती. आई शेजारी बसून बघत होती. आतले पंखे गरगरायला लागले तशी ती मागे सरकली आणि म्हणाली, पेट तर नाय ना घेणार हा? मी हसले. पण तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते, आणि अजून घाबरलेलीच आहे. हे लिहितानासुद्धा भर दुपारी दाराला आतून कडी घातली आहे. बाहेर खळ्यावर भात झोडायला माणसं आहेत, आवाज येतायत, तरी कडी घातली आहे.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते. माझ्याकडची हकीकत तुला अर्धीच माहीत आहे, आणि तुझ्याकडची मला गेल्या महिन्यापर्यंत काहीच माहीत नव्हती.

तू हैदराबादला नोकरीला गेलास तेव्हा मी फोनवरच गेम खेळायचे, काच तडकलेल्या त्या जुन्या फोनवर. मग वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला लागले. तिथल्या काजलने मला तिच्या टीममध्ये घेतलं. पाच जणी आहोत, कल्याणच्या दोघी, वाशिंदच्या दोघी आणि सापगावची मी. दोन स्पर्धांत आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत गेलो. पुढची स्पर्धा कॉम्प्युटरवरची होती आणि बाकी चौघींकडे कॉम्प्युटर होते. आबांना मी घाबरत घाबरत विचारलं, तर ते एवढंच म्हणाले की तुझ्या पगाराचं तू बघ, फक्त लायटीचं बिल वाढलं तर आईला तूच समजाव. मग मी रोज कंपनीतून येताना गाडीत बसून फोनवर पार्ट बघायला लागले. तुला आठवत असेल, शहापूरच्या दुकानात रिपेरिंगला होतास तेव्हा तू मला सांगायचास की पुढे बदलता येईल तिथे हात आखडावा, जे बदलता येत नाही तिथे आखडू नये. मी तेच धरून चालले. प्रोसेसर नवाकोरा न घेता आधीच्या पिढीतला घेतला, पण मदरबोर्ड असा बघितला की पुढेमागे चांगला प्रोसेसर त्याच्यावर बसेल. रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण एकच मोठी पट्टी लावली तर गेम अडखळतो. कॅबिनेट शहापूरच्या तुझ्याच दुकानातून जुनं आणलं, काच नाही, दिवे नाहीत, पत्र्याचा साधा डबा. नळाखाली घासून उन्हात वाळवला तेव्हा आत झुरळांचं अख्खं खानदान निघालं. मॉनिटर बंद पडलेल्या एका क्लासमधला. एवढं करून हातात जे उरलं त्यात ग्राफिक्स कार्ड नवीन येणं शक्यच नव्हतं, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं नुसतं टायपिंगचं मशीन.

म्हणून जुन्या पार्टच्या ग्रुपवर मी लिहिलं. माझ्याकडे काय काय आहे, कुठलं कार्ड हवंय, किती देऊ शकते. गाव नाही लिहिलं, फक्त शहापूर तालुका. थोड्याच वेळात एका खात्यावरून उत्तर आलं, हिंदीत. कार्ड आहे, भाव मी म्हटलं त्याहून कमी. खात्यावर कुणा राजू ट्रेडर्सचं नाव आणि गुलाबाच्या फुलाचा फोटो. काजल म्हणाली, इतकं स्वस्त म्हणजे जळकं असेल नाहीतर चोरीचं. मीही सोडून देणार होते. पण त्या माणसाने पुढे जे लिहिलं ते कुठला विकणारा लिहीत नाही. तुझा वीज पुरवणारा एसएमपीएस हलका आहे, तो घेऊ नकोस, तुमच्याकडे संध्याकाळी लाइट कमी-जास्त होते, बोर्ड जाईल. कुठला घ्यायचा तेही लिहिलं. मी चांगला एसएमपीएस घेतला. मग मला प्रश्न पडला, आमच्याकडे संध्याकाळी लाइट कशी असते हे या माणसाला कोणी सांगितलं? मी सांगितलं की कुरियरने पाठवा. तर म्हणाला, नाही, स्वतः येऊन बघून घ्या, चालवून दाखवतो, पत्ता धसईच्या पुढचा. आणि शेवटी लिहिलं, अकेले मत आना, घर से किसी को लेके आना.

मला वाटलं, वाईट माणूस असता तर एकटी ये म्हणाला असता. एवढ्यावर मी विश्वास ठेवला. आबांना म्हटलं, चला. ते नेहमीसारखे काही न विचारता मोटरसायकल काढून तयार.

किन्हवलीवरून सरळगावला उतरलो आणि धसईच्या रस्त्याला लागलो. धसई सुटल्यावर गोरखगडाचा सुळका समोर येतो ना, त्याच्या अंगाला एक कच्चा रस्ता आत जातो. दोन्ही बाजूंना कापलेली भातं, माणूस नाही. शेवटी तो बंगला. कंपाउंडची भिंत पुरुषभर उंच, वर काचा रोवलेल्या, फाटकाला पत्रा ठोकलेला. जनरेटरचा आवाज येत होता. खिडक्यांना आतून काहीतरी लावून घेतलेलं, आणि खेड्यातल्या बंगल्याला कधी नसतात इतक्या एसीच्या पेट्या भिंतीला लटकलेल्या. फाटक उघडणाऱ्याने आबांना गाडीजवळच थांबायला सांगितलं, कुत्रा सोडलाय म्हणाला. मला आत घेतलं. व्हरांड्याच्या पायरीशी चपला होत्या. सगळ्या पुरुषांच्या, आणि सगळ्यांवर धूळ बसलेली, जशी कोणी बरेच दिवस त्या घातल्याच नाहीत.

पांढऱ्या शर्टातला एक माणूस खुर्चीवर बसला होता. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. पाणी घेणार का, चहा घेणार का, कुठून आलात. मी वाशिंद सांगितलं. का कोण जाणे, सापगाव तोंडातून निघेना. त्याने आत बघून हाक मारली आणि तू बाहेर आलास.

दादा, पहिल्यांदा मी तुला ओळखलंच नाही. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, गाल बसलेले, दाढी. टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड दोन्ही हातांनी धरून तू आलास, टेबलावरच्या मशीनमध्ये बसवलंस, आणि अंगठ्यावरचा तो विळ्याचा वण मला दिसला. मी वर बघितलं. तू माझ्याकडे बघून हिंदीत म्हणालास, दीदी, चेक करके लो. आवाजात काहीसुद्धा नव्हतं. आठवड्याला हैदराबादहून फोन करणारा माझा भाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि मला ओळख देत नव्हता. ओरडावं असं वाटलं, पण त्या पांढऱ्या शर्टाची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. गेम सुरू झाला, खेळाडूचं नाव टाकायची जागा आली. त्याचा फोन वाजला, त्याने क्षणभर मान वळवली, आणि तू तिथे भराभर टाइप केलंस: आबांना सांगू नको. मी वाचलं असेल-नसेल तोवर पुसून टाकलंस. मग म्हणालास, देखो, गरम नहीं होता.

पैसे दिले, कार्ड घेतलं, बाहेर आले. स्वयंपाकाच्या खोलीतून एक बाई फाटकाशी आली होती, बाहेर थांबलेल्या आबांना तांब्यातून पाणी देत होती. आबा पाणी पीत होते, खाली बघून. गाडीवर बसले तेव्हा माझे दात वाजत होते. आबा म्हणाले, वारा हाय गो, पदर घे नीट. मी ओढणी गुंडाळली.

त्या रविवारी तुझा फोन आला. तू आईला म्हणालास की हैदराबादला आता थंडी पडायला लागलीये, कँटीनचं जेवण बरं आहे, दिवाळीला सुट्टी मिळाली नाही पण पुढे मिळेल. आई हसत होती. आबांनी स्पीकरवर असलेला फोन घेतला आणि विचारलं, जेवलास का? तू म्हणालास, हो. आबांनी परत विचारलं, काय जेवलास? तेव्हा मला तुझ्या मागून कोणाचा तरी श्वास ऐकू आला. आजवर इतके फोन झाले, तो श्वास मी कधी ऐकलाच नव्हता. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मला तेव्हा कळलं की तू मला मुद्दाम बोलावलंस. ग्रुपवर माझं लिहिलेलं तुला दिसलं, बंगल्यावरची जुनी मशीन विकायचं काम तुझ्याकडे होतं, आणि घरच्या कोणाला तरी तू कुठे आहेस ते दिसावं म्हणून तू भाव पाडलास. पण मी आबांना घेऊन येईन असं तुला वाटलं नसावं. आणि मला दाखवून तुला काय हवं होतं, सोडवणूक की नुसतं एकदा घरचं तोंड बघणं, ते काही मला समजेना. कोणाला सांगावं तर तू सांगू नको म्हणालेलास. न सांगावं तर तू तिथे. मी कामावर जात होते, पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभी राहत होते आणि हात आपोआप चालत होते. मग एके दिवशी त्या राजू ट्रेडर्सवरून कॉल आला. तू नव्हतास. तोच मऊ आवाज. कार्ड ठीक चालतंय ना, बिल पाठवायचंय, वाशिंदला नेमक्या कुठे राहता? मी बिल्डिंगचं खोटं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी काजल म्हणाली की स्टेशनजवळच्या बिल्डिंगींमध्ये एक मोटरसायकलवाला कॉम्प्युटर घेतलेल्या मुलीची चौकशी करत फिरत होता. तेव्हापासून मी दिवसासुद्धा कडी घालते. घरात कोणी मोठ्याने भांडं ठेवलं तरी दचकते.

शेवटी भीतीनेच मला बाहेर काढलं. नुसतं बसून राहिले असते तर वेडी झाले असते. बाजाराच्या दिवशी आत्याकडे जाते म्हणून धसईला गेले. पाणी देणारी ती बाई मला आठवत होती. भाजीच्या रांगेत ती दोन मोठ्या पिशव्या भरून कांदे-बटाटे घेताना दिसली. मी जवळ गेले. तिनेच माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुजा भाऊस हाय ना तो? नाकावरना समाजला मना."

तिचं नाव लहानी. डोंगराखालच्या वाडीतली. बंगल्यावर सगळ्यांच्या भाकऱ्या तीच करते. एसटी स्टँडच्या मागे बसून तिने मला सगळं सांगितलं. तुमचे फोन काढून घेतलेत, आधारकार्डं काढून घेतलीत. दिवसभर फोनवर बसून लोकांना बँकेच्या नावाने घाबरवायचं आणि पैसे काढायचे. ठरवून दिलेला पैशांचा आकडा भरला नाही की जेवण बंद. एक जण भिंत चढून गेला, त्याला संध्याकाळच्या आत परत आणलं आणि सगळ्यांना समोर उभं करून मारलं. तुला हैदराबादहून गाडीत घालून आणलं तेव्हा कुठे आणलंय हेही तुला माहीत नव्हतं. गच्चीवर टाकी धुवायला चढवलं तेव्हा सुळका दिसला, आणि खाली येऊन तू लहानीबाईला आपल्या बोलीत विचारलंस, हा गोरखगड ना? ती म्हणाली, "त्या दिवशी तो जेवला नाय. मंग माज्याशी बोलाय लागला." तिने हेही सांगितलं की एका म्हाताऱ्या माणसाला फोनवर फसवून झाल्यावर तू न्हाणीघरात बसून होतास, आणि तिला म्हणालास की मी आता कुठल्या तोंडाने घरी जाऊ.

मी तिला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटते, पण माझी मुलगी तुझ्याएवढी आहे.

संध्याकाळी घरी आले. आबा खळ्यावर एकटेच पेंढ्या रचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आबा, एक सांगायचंय. तुझं नाव घेतलं. आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"मी बघितला गो त्याला. फाटकाच्या फटीतना. चालीवरना ओळखला," ते म्हणाले. "तू काय बोलली नाय, मला वाटला तुला दिसला नाय. तू भिशील म्हणून मी गप."

इतके दिवस, दादा, एका घरात, एका ताटाशेजारी ताट घेऊन बसून, आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मी विचारलं, मग तुम्ही तिथेच हाक का नाही मारली? आबा म्हणाले की हाक तोंडाशी आली होती, तेवढ्यात त्या बाईने पाणी आणलं. ती हाक गिळायला म्हणून ते पाणी प्यायले. बाहेर आम्ही दोघंच, आत ते किती हे माहीत नाही, आणि तू मागे राहिला असतास तर त्यांनी तुझं काय केलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस पाटलांकडे गेलो, आपल्या महादूकाकांकडे. ते आम्हाला एका बाई पोलीस अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी पंखा बंद करून, दार लावून सगळं ऐकलं. त्या बंगल्याबद्दल त्यांच्या कानावर आधीही आलं होतं. पण मागे कोणी चौकशीला गेलं तेव्हा आतली मुलं ओळीत उभी राहून म्हणाली होती की आम्ही स्वखुशीने नोकरी करतो, आणि सगळं तिथेच थांबलं. मी त्यांना विचारलं, माझ्या भावाने लोकांना फसवलंय, त्याला पकडाल का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, चौकशी त्याचीही होईल, सोपं नसेल. पण जो कोंडलेला आहे आणि स्वतःच्या तोंडाने तसं सांगतो, त्याची बाजू वेगळी असते. ते सांगणं मात्र त्याचं त्यानेच करायला हवं.

आईला आज सकाळी सांगितलं. ती रडली नाही. चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं आणि म्हणाली, म्हणजे एवढे दिवस तो कँटीनचं जेवण सांगत होता ते खोटं. मग तिने लुगडं बदललं आणि म्हणाली, तिथे मी पण येणार. आबा नको म्हणाले, तर त्यांच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

आता मी हे का लिहिते आहे ते वाच, आणि नीट वाच, कारण लहानीबाईच्या भाकरीच्या फडक्यातून हे एकदाच येऊ शकतं. मंगळवारी सकाळी आबा फाटकाशी येतील. अधिकारी बाई आणि त्यांची माणसं भिंतीच्या बाहेर असतील, महादूकाका असतील, आई आणि मीही असू. पण फाटकासमोर आबा एकटेच उभे राहतील आणि तुला हाक मारतील, अनिल म्हणून, शेतातून मारतात तशी, लांब. आतला तो माणूस सांगेल की या नावाचा इथे कोणी नाही. तुम्हा सगळ्यांना तो गप्प बसवेल, कदाचित धमकी देईल, कदाचित तुझ्याच खांद्यावर हात ठेवून उभा राहील. मला सगळ्यात जास्त भीती त्याची नाही वाटत. मला भीती वाटते ती तुझ्या लाजेची. तुला वाटेल, आबांना काय तोंड दाखवू, त्यापेक्षा गप्प राहतो, जाऊ दे त्यांना परत. तसं करू नकोस. आबांना सगळं माहीत आहे, तू फोनवर काय बोलायचास तेही, आणि ते ऐकूनच ते येतायत. तुला भिंत चढायची नाही, पळायचं नाही, कोणाशी भांडायचं नाही. आबा हाक मारतील. तू फक्त ओ दे. जमेल तेवढ्या मोठ्याने, आम्हाला बाहेर ऐकू येईल असा ओ दे.

तुझीच,
पूजा